कणीभर

पहिला फोकसर मी सिंकखालच्या पायपाचा केला होता.
सव्वा इंच, बरोब्बर. आयपीस अशी बसली
जणू तिच्यासाठीच रायबंदरच्या दुकानात तो टांगून ठेवलेला.
हाताने आत ढकलायचं, हाताने बाहेर ओढायचं.
ढकललं की गुरू निघून जायचा,
ओढलं की अख्खी दुर्बीण शेजारच्या माडाकडे बघायची.

आरसा मी स्वतः घासलाय, सहा इंची,
अकरा महिने, ओसरीवर, पिंपाभोवती फिरत.
शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं
इतरांच्या हातून फुटलेल्या काचा उचलल्या;
ही एक कुणाच्या हातात दिली नाही.
पण आरसा फक्त उजेड गोळा करतो.
तो नेमका कुठे गोळा झालाय
ते शोधायला केसाएवढं सरकता यावं लागतं.

म्हणून हा दुसरा. याला दात नाहीत.
चार बेअरिंगं, त्यांच्या कुशीत नळी,
आणि समोरून दाबणारा एक दांडा.
दांडा फिरला की नळी सरकते.
नुसत्या दाबावर.

दांडा पंचायतीच्या भंगारातल्या प्रिंटरचा.
याच्यावरून धावत त्याने घरपट्टीच्या पावत्या छापल्या,
रकाना पुरत नाही म्हणून दर वर्षी
प्रमोदिनीचं प्रमोद केलं.
बेअरिंगं पुतणीच्या स्केट्समधली. ती स्विंडनला,
गोदामात रात्रपाळी करते. फोनवर विचारलं, तर म्हणाली,
काढ गं आत्या, पाय कधीच मोठे झाले.
नळीच्या आत फळ्याचा काळा रंग,
निवृत्त होताना डब्याच्या तळाशी उरलेला.
फिरवायला लोणच्याच्या बरणीचं झाकण.
तीनदा धुतलं. अजून वास येतो.

ठोकळा कायतानने कापून दिला.
त्याच्या शेडमध्ये होड्यांचे शाफ्ट येतात, मनगटाएवढे;
हे बघून तो आधी हसलाच.
मायक्रोमीटर आहे त्याच्याकडे, खाऱ्या हवेने
कधीचा एकाच आकड्यावर अडकलेला.
तो नखाने मोजतो. नख फिरवतो कडेवरून,
डोळे मिटतो, पुन्हा लेथ चालू करतो.
मी स्क्रू पिळत होते तेव्हा म्हणाला,
‘चड घट्ट करूं नाका, टीचर.’
(मी टीचर नव्हते कधी. सांगणं सोडून दिलंय.)
घट्ट केला तर नळी हलत नाही,
सैल केला तर आयपीस आपल्याच वजनाने
हळूहळू, लाजल्यासारखी, खाली येते.
या दोहोंमधला स्क्रूचा जो काही अंश आहे
तो सापडायला मला गुरुवार ते रविवार लागले.
मजुरी दोन नारळ,
आणि एकदा बघू द्यायचं.

सोमवारी रात्री खाजनाच्या बांधावर.
पणजीकडचं आकाश जुगाराच्या जहाजांनी पिवळं केलेलं,
पण गुरू तसा निर्लज्जच, कुठूनही दिसतो.
झाकण फिरवलं. पिठूळ गोळा आकसत गेला,
आकसत गेला, आणि थांबला.
वाटोळा. दोन पट्टे. बाजूला तीन ठिपके, एका ओळीत.
गुरू जागचा हलला नाही.
मीच हलले असेन.

कायतानने जाड चष्मा काढून खिशात ठेवला,
वाकला, आणि बराच वेळ काही बोलला नाही.
‘दिसतं?’
‘धुकें.’
मी काही सांगायच्या आत त्याचा हात झाकणावर गेला.
ज्या नखाने कड मोजली होती
ते झाकणाला टेकवून त्याने जरासं,
अगदी जरासंच, फिरवलं.
‘हां. चार म्हणालीस ना? तीनच आसात.’
‘चौथा मागे गेला असेल.’
‘फेरी चुकली आसतली.’
पलीकडे रायबंदरच्या धक्क्यावर खरोखरच
शेवटची फेरी सुटत होती, रिकामी.

तो घरी गेल्यावर मी पुन्हा डोळा लावला.
धुकं.
नळीवर पेन्सिलीने एक रेघ मारली, त्याची.
झाकण मागे घेतलं, माझं चित्र आलं,
दुसरी रेघ मारली.
मधे तांदळाची एक कणी मावेल एवढी जागा.
खोडणार होते.
रबर घरी राहिलं होतं.